किल्ली कोणाकडे?

"पंधरा दिवस. कमीत कमी!" दादाने इंग्रजीत, छाती थोडी पुढे काढून सांगितलं. समोरच्या घराच्या भिंतीला सरपण रचत असलेल्या आजीबाईंनी हातातला ओंडका तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. प्रश्न त्यांचाच होता. आम्ही घर बघायला आलोय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ऑक्टोबरच्या अखेरीस, केबल कार बंद, हॉटेलं बंद असताना स्वित्झर्लंडमधल्या ग्रिमेंत्स गावात एजंटच्या मागून फिरणारी तीन माणसं दुसऱ्या कशाला येणार? कुठून आलात, काय करता, कितीला देताहेत, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. वर्षातून किती रात्री राहणार, हिवाळ्यात राहणार का, एवढंच. मी दादाला मराठीत सांगेपर्यंत त्याने अंदाजाने प्रश्न ओळखला होता आणि उत्तर देऊनही टाकलं होतं. आजीबाईंनी मान हलवली, सालीची बाजू वर येईल असा ओंडका रांगेत बसवला आणि पुढचा उचलला.

दादाला वाटलं, बाई खूश झाल्या.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. भोसरीतला कारखाना मुलाने घ्यायचा नाही म्हटल्यावर त्याने तो विकला, आणि पैसे हातात आल्यापासून त्याच्या डोक्यात 'आल्प्समध्ये एक छोटंसं घर' बसलं. वहिनींच्या डोक्यात ते नव्हतं, पण दिवाळी आटोपून युरोपात यायला त्यांची ना नव्हती. मी लोझानला राहते, फ्रेंच येतं, तेव्हा एजंटशी बोलणं, कागद वाचणं आणि डब्यात थेपले भरणं ही कामं माझ्याकडे आली. ट्रेनने सिएरपर्यंत, तिथून पिवळ्या पोस्टबसने घाट चढून वर. रस्ता इतका वळणांचा की वहिनींनी वरंधा घाट सोपा म्हणायचा अशी कबुली दिली. दरीच्या दोन्ही बाजूंनी लार्चची झाडं पिवळीधमक झाली होती. सूचिपर्णी असून पानगळ होणारं हे झाड, आणि त्याच्याच लाकडाची घरं. शतकांच्या उन्हाने ती लाकडं काळी पडली आहेत, कोळशाच्या नाही, काकवीच्या काळेपणाकडे झुकणारी. जुनी धान्याची कोठारं लाकडी खांबांवर उभी आहेत आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर दगडाची गोल चकती, उंदरांना वर चढता येऊ नये म्हणून. दादाने त्या चकत्यांचे इतके फोटो काढले की एजंटला वाटलं असावं, सौदा झालाच.

फ्लॅट मात्र त्या काळ्या घरांतला नव्हता. गावाच्या वरच्या अंगाला, सत्तरच्या दशकातली वाटावी अशी इमारत, बाहेरून लाकडी पाट्या मारलेली. एजंटने दार उघडलं आणि मला पहिल्यांदा आला तो वास. बंद घराचा वास जगात सगळीकडे एकच असतो असं म्हणायचा मोह होतो, पण तसं नाही. कोकणातल्या बंद घराला ओल, वाळवी आणि जुन्या गोणपाटाचा वास येतो. इथे हवा कोरडी होती. जुनी लोकर, मेणाचं पॉलिश आणि चीज वितळवायच्या यंत्राला कायमचा चिकटून राहिलेला खमंग आंबूसपणा. त्याने एकेक शटर वर ओढलं. बाहेर बर्फाची शिखरं होती, जाहिरातीत होती तशीच, थोडी जास्तच. खिडकीच्या आतल्या कठड्यावर मात्र मेलेल्या माश्यांचा थर होता. शरद ऋतूत माश्या उबेला अशा घरांत शिरतात, आणि त्यांना झाडायला कुणी नसतं. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर फेब्रुवारीवर थांबलेलं. मिठाच्या बाटलीत मीठ दगड झालेलं. कपाटात सहा माणसांची सहा सारखी कपं, कान न तुटलेली. वहिनींनी कपाट उघडून पाहिलं आणि मला हळूच म्हणाल्या, "अगं, इथे कुणी भांडलेलंसुद्धा नाही."

एजंट चांगला माणूस होता. काही लपवलं नाही. छताचं काम पुढच्या काही वर्षांत निघेल, त्यासाठी मालकांचा सामाईक फंड आहे (दादा लगेच म्हणाला, "सिंकिंग फंड!"), धुलाईयंत्र तळघरात सगळ्यांचं मिळून, आणि खाली भिंतीवर पाळ्यांचा तक्ता. शेवटी त्याने एक घडीचा कागद दिला. किल्ली सांभाळणाऱ्या सेवेचं दरपत्रक. महिन्यातून एकदा येऊन खिडक्या उघडणं, हीटिंग चालू आहे ना ते बघणं, पाइप गोठलेत का, वादळानंतर छत, टपालपेटी रिकामी करणं, मालक यायच्या आदल्या दिवशी घर गरम करून ठेवणं. प्रत्येक ओळीपुढे तासाचा दर. दादाने तो कागद न वाचताच खिशात घातला.

मी तो परतीच्या बसमध्ये त्याच्याकडून मागून घेतला आणि नीट वाचला.

कायद्याची बाजू मी आधीच त्याला समजावली होती. परदेशात राहणाऱ्या परक्या माणसाला इथे मनात आलं म्हणून सुट्टीचं घर घेता येत नाही. १९८३ चा कायदा आहे, १९८५ पासून लागू. त्याखाली सगळ्या देशात मिळून वर्षाला १५०० परवाने, तेही काही पर्यटनाच्या कँटनांतच (कँटन म्हणजे इथलं राज्य), आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा वॅलेचा, ग्रिमेंत्स ज्यात येतं त्या कँटनचा. घर साधारण २०० चौरस मीटरपर्यंत. कुटुंबाला एकच. वर्षभर भाड्याने लावायचं नाही, कारण सुट्टीसाठी म्हणून परवाना घेतला तर सुट्टीलाच वापरा. नोटरी करारपत्र शब्दन् शब्द मोठ्याने वाचून दाखवतो, मगच सह्या. इथपर्यंत दादाला सगळं शिस्तीचं आणि म्हणून छान वाटलं. पुढचं सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. घर घेतलं म्हणून राहण्याचा हक्क मिळत नाही. भारतीय पासपोर्टवर स्वतःच्या मालकीच्या घरी यायलासुद्धा शेंगेन व्हिसा लागणार, आणि कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर थांबता येणार नाही.

"म्हणजे माझ्याच घराच्या दारात मला विचारणार, का आलात?"

"बँकेचं स्टेटमेंट आणि परतीचं तिकीटही दाखवायचं."

वहिनी खिडकीतून बाहेर बघत हसत होत्या.

मला स्वतःला हा कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा टोचला होता. माझ्याकडे आता कायम वास्तव्याचा परवाना आहे, त्यामुळे त्या कायद्याच्या लेखी मी परकी उरलेली नाही. उद्या मनात आलं आणि पैसे असले (नाहीत) तर न विचारता घेऊ शकते. पण ज्या काळी मी नवी होते, तेव्हाची ती टोच शरीरात राहते. १९६१ मध्ये या धर्तीचा पहिला कायदा झाला तेव्हापासून त्यामागे एक भीती आहे: बाहेरचे येतील आणि आपली मायभूमी तुकड्या-तुकड्याने विकत घेतील. ही भीती मला कधीकधी दुकानातल्या रांगेत, सोसायटीच्या नोटिशीत अजून ऐकू येते, आणि ती नेहमी सुसंस्कृत शब्दांत येते. त्यामुळे या कायद्याचं कौतुक करताना माझी जीभ जरा अडखळते.

पण याच वॅलेच्या जर्मन भाषिक भागात तोर्बेल नावाचं डोंगरउतारावरचं गाव आहे. तिथल्या लोकांनी १४८३ मध्ये एक लेखी ठराव केला, आणि त्यात स्पष्ट म्हटलं की बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली तरी सामाईक कुरणावर, जंगलावर त्याचा हक्क लागणार नाही. जमीन विकत मिळेल, गाव मिळणार नाही. पुढे १५१७ मध्ये त्यांनी आणखी एक नियम घातला, आणि हा मला जास्त शहाणा वाटतो. उन्हाळ्यात वरच्या कुरणावर किती गाई पाठवायच्या? हिवाळ्यात जेवढ्या तुम्ही स्वतःच्या गोठ्यात, स्वतःच्या गवतावर जगवू शकता, तेवढ्याच. उन्हाळा सगळ्यांनाच हवा असतो. तो किती मिळणार हे हिवाळा ठरवणार.

आजीबाईंनी दादाला विचारलं होतं ते हेच होतं, हे मला बसमध्ये, घाट उतरताना कळलं.

नुसतं परक्यांना अडवून गाव राहतं का, याचं उत्तर मात्र हो असं येत नाही. आल्प्समधली बहुतेक बंद घरं आमच्यासारख्यांची नाहीतच. ती झुरिचच्या, बासेलच्या, जिनिव्हाच्या माणसांची आहेत. म्हणून २०१२ च्या ११ मार्चला सार्वमत झालं. पर्यावरणवादी फ्रान्झ वेबर यांनी मांडलेला प्रस्ताव: कुठल्याही गावात दुय्यम, म्हणजे सुट्टीपुरत्या घरांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर जाता कामा नये. ५०.६ टक्के मतांनी तो निसटता मंजूर झाला. होकार मुख्यतः शहरांनी दिला, म्हणजे ज्यांची ही बंद घरं आहेत त्यांनीच. डोंगरातल्या कँटनांनी विरोध केला. वॅलेमध्ये तर जवळजवळ तीन-चतुर्थांश मतं नाही म्हणाली. याला शहरी ढोंग म्हणायला मी एकेकाळी तयार होते. आता वाटतं, दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या. शहरातल्या माणसाला डोंगर रिकामा आणि सुंदर हवा असतो. डोंगरातल्या सुताराला, प्लंबरला, गवंड्याला पुढच्या वर्षीचं काम हवं असतं, आणि ते नव्या घरातूनच येतं, मग त्या घरात दिवा लागो न लागो.

ग्रिमेंत्सच्या परिसरात हे प्रमाण वीसच्या कितीतरी वर आहे. म्हणजे तिथे नवं सुट्टीचं घर आता बांधताच येत नाही. त्या तारखेपूर्वीचं जे आहे तेवढंच मोकळेपणाने विकता येतं, आणि त्यामुळे साहजिकच त्याचा भाव चढतो. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याचं राहतं घर वारसांनी विकायला काढलं, तर ते पोस्टबस चालवणाऱ्या तरुणाला परवडत नाही. ते शहरातल्या माणसाला परवडतं. कायद्याने बाहेरचं नवं कुलूप थांबवलं आणि आतल्या जुन्या घराला कुलूप लागायची सोय झाली. मुळात हा भाडेकरूंचा देश आहे, साधारण ३६ टक्के कुटुंबंच स्वतःच्या घरात राहतात. घर 'घेणं' हे इथे आपल्यासारखं आयुष्याचं पहिलं कर्तव्य नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्यालाही आजवर, त्याला जणू भाडं मिळालंच असं धरून, आयकर भरावा लागत आलाय. सप्टेंबर २०२५ च्या सार्वमतात तो रद्द करायचं ठरलं, २०२९ पासून. दादाला हे ऐकून धक्का बसला, तेव्हा मी आठवण करून दिली की आपल्याकडेही दोन घरांपुढच्या रिकाम्या घरावर असंच काल्पनिक भाडं धरतात. त्यावर तो गप्प बसला. पुण्यात त्याची दोन आहेत. कोकणातलं तिसरं.

ते तिसरं घर म्हणजे माझं आजोळ. गुहागरच्या अलीकडे, चिऱ्याचं, पुढे पडवी, मागे विहीर. मे महिन्यात आम्ही नातवंडं तिथे इतकी असायचो की रात्री पडवीत पाय ठेवायला जागा नसे. आता ते गणपतीत पाच दिवस आणि मे महिन्यात आठवडाभर उघडतं. एरवी किल्ली शेजारच्या काकूंकडे. देवघरातले देव मात्र हलवलेले नाहीत, त्यामुळे रोज सकाळी काकू कुलूप काढतात, देवांवर पाणी घालतात, दोन फुलं वाहतात, उंबऱ्यावर पाणी शिंपडतात आणि पुन्हा कुलूप लावतात. पावसाच्या आधी कौलं चाळायला माणूस त्याच बोलावतात. माजघरात गळायला लागलं की त्यांचा फोन दादाला, आणि दादाचा त्यांना, "बघा जरा तुमच्या पद्धतीने." त्या वाडीत पावसाळा काढणारी घरं आता मोजकी उरली आहेत. बागांत राखणीला नेपाळी गुरखे आहेत. पावसाळ्यात रात्री रस्त्यावर हाक मारली तर बहुधा त्यांच्यापैकीच कुणी ओ देईल. आणि खाली समुद्राच्या बाजूला एनए प्लॉटचे फलक. पुण्या-मुंबईच्या पार्ट्यांसाठी.

त्या फलकांवर दादा जितका चिडतो तितकं कुणी चिडत नाही. "बाहेरच्यांनी कोकण विकत घेतलं," हे त्याचं नेहमीचं वाक्य. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, याचा त्याला केवढा आधार वाटतो. आणि लोक कुठून कुठून शेतकरी दाखला मिळवतात, म्हणून केवढा संताप. हा संताप मला खरा वाटतो. पण जून ते ऑगस्ट त्या घरात एक रात्रही तो राहिलेला नाही, आणि मीही नाही. तोर्बेलच्या हिशोबाने आमची एकही गाय त्या कुरणावर जाऊ नये.

ग्रिमेंत्सहून परतताना सिएरच्या स्टेशनवर दादाने विचारलं, "ते गाव गाडलं गेलं ते कुठे होतं?" त्याने बातमी पाहिली होती. लोचनतालमधलं ब्लाटन, याच कँटनमध्ये, रोन नदीच्या पलीकडच्या एका दरीत. २०२५ च्या मे महिन्यात वरचा कडा सरकू लागला, खडक खालच्या बिर्च हिमनदीवर कोसळत राहिले. १९ मे रोजी गावातली सुमारे तीनशे माणसं हलवली, त्यांची गुरंसुद्धा. २८ मे रोजी दुपारी हिमनदी आणि डोंगर मिळून खाली आला आणि गावाचा जवळजवळ सगळा भाग त्याखाली गेला. जे उरलं त्यातली बरीच घरं अडलेल्या लोन्झा नदीच्या पाण्यात बुडाली. एक माणूस गेला. एवढ्या मोठ्या गोष्टीत एकच, याचं कारण इतकंच की डोंगराकडे रोज बघणारी माणसं तिथे होती. आणि मला विशेष वाटलं ते हे की त्या लोकांनी लगेच, जवळजवळ पहिल्याच दिवसांत, गाव पुन्हा उभारायचं ठरवलं. जमीन गेली, रस्ते गेले, चर्च गेलं, हद्दीच्या खुणाही गेल्या, आणि तरी ग्रामपंचायत शाबूत होती, कारण ती माणसं होती.

"मग विमा?" दादा म्हणाला.

मी त्याला धोक्याचे नकाशे असतात हे सांगितलं. लाल पट्ट्यात बांधायला मनाई, निळ्यात अटींवर. आपण पाहिलेली इमारत कशात येते ते नोटरीकडे जायच्या आधी बघायचं, हेही. त्याने मान डोलावली. तो पैशाचं गणित घालत होता: माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, दोघांचे पाच, दहा लाख रुपयांच्या वर वीस टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घ्यायचा कर, आधीच कापणार, तो नंतर परत मिळेल. तोंडी हिशोबात तो माझ्यापेक्षा नेहमीच पुढे. वहिनी बाकावर बसून उरलेला थेपला खात होत्या. त्यांनी मध्येच विचारलं, "आणि हे आपल्यानंतर कोणाचं?" टोरोंटोच्या मुलाचं नाव कुणीच घेतलं नाही. वारसाला परवाना लागत नाही, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

पुण्याला परतल्यावर महिन्याभराने त्याचा फोन आला. त्याने अजून नाद सोडला नव्हता. मधल्या काळात कुणीतरी त्याला अँडरमॅट या दुसऱ्या स्विस डोंगरगावाचं माहितीपत्रक पाठवलं होतं. तिथल्या एका मोठ्या प्रकल्पाला त्या परदेशी-बंदीच्या कायद्यातून सूट आहे, तेव्हा परवान्याची कटकट नाही. पण त्याचं मन ग्रिमेंत्सवरच होतं, त्या दगडी चकत्यांच्या गावावर. एकच गोष्ट त्याला खटकत होती: ते किल्लीचं दरपत्रक. त्याने ते शेवटी वाचलं होतं.

"तासाला एवढे? नुसत्या खिडक्या उघडायला? अगं, तू आहेसच ना तिथे. महिन्यातून एकदा जाऊन येत जा. तुलाही बदल."

लोझानहून ग्रिमेंत्सला जायला-यायला दिवस मोडतो, हे मी सांगितलं. जानेवारीत तर रात्र. तो म्हणाला, त्यात काय, राहा ना वर, घर आपलंच.

मी विचारलं, "काकूंना तू काय देतोस?"

"कोणत्या काकूंना?"

"गुहागरच्या."

पलीकडे जरा वेळ गेला. "गणपतीत साडी देतो की," तो म्हणाला. मग वहिनींचा आवाज आला, "दोन वर्षं झाली त्यालाही," आणि दादाने फोन स्पीकरवरून काढला.